भावाला सुई टोचताना

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळ अंकाचे संपादक मला म्हणाले, "साळवे, यंदा तुमची साक्ष येऊ द्या." साक्ष म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या उपासनेत माणूस उभा राहतो आणि सांगतो की मी असा होतो, मग मी गुडघ्यांवर आलो, मग प्रभूनं मला उचललं आणि आता घरात सगळं कुशल आहे. कुणाची दारू सुटलेली असते, कुणाचा दमा गेलेला असतो, कुणाची सून परत नांदायला आलेली असते. मी लहानपणापासून मागच्या बाकावर बसून या साक्षी ऐकल्या. दर वेळी मला प्रश्न पडे, की ज्यांचं कुशल झालं नाही ती माणसं कुठं जाऊन उभी राहत असतील. म्हणून मी संपादकांना विचारलं, शेवट गोड नसला तर चालेल का? ते म्हणाले, पाळकसाहेबांना विचारून सांगतो. अजून विचारताहेत. तोवर मी लिहून घेतो.

गुडघ्यांवर येण्याचंच म्हणाल तर मी नोकरीभर गुडघ्यांवरच होतो. मी डायलिसिसचा तंत्रज्ञ. बोईसरला एका लहानशा इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं केंद्र होतं. खिडकी उघडली की एमआयडीसीचा वास आत येई, म्हणून खिडकी उघडायची नाही असा अलिखित नियम. मूत्रपिंडं थकली की शरीरातलं पाणी बाहेर पडत नाही. प्यालेला चहा, कालवण, भातातलं पाणी, सगळं अंगात साठत जातं. आधी पायात उतरतं, मग छातीत चढतं. अशा माणसाला आठवड्यातून तीनदा आमच्या खाटेवर निजवायचं, हातात दोन जाड सुया घालायच्या, एका नळीनं रक्त बाहेर घ्यायचं आणि मशीनमधून धुऊन दुसऱ्या नळीनं परत करायचं. चार तास लागतात. आज या माणसातून किती पाणी ओढायचं हे मशीनला आपण सांगावं लागतं. त्यासाठी आधी वजन करायचं आणि मग पेशंटसमोर गुडघे टेकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबायचा. अंगठा उचलल्यावर खड्डा तसाच राहिला तर आत पाणी आहे. वजनकाटा कधीकधी खोटं बोलतो, पेशंट नेहमी बोलतो, नडगी बोलत नाही.

वजनकाट्यावरून आठवलं. यंत्रमागावर काम करणारे मिश्राजी म्हणून आमचे एक पेशंट होते. एकदा मी त्यांचं वजन केलं ते त्यांच्या हातातल्या डब्यासकट आणि भिजलेल्या छत्रीसकट. आकडा मोठा आला. मी मनात म्हटलं, पंडितजींनी दोन दिवस मनसोक्त पाणी प्यालेलं दिसतंय, आणि मशीनला तेवढं काढायला सांगितलं. तिसऱ्या तासाला मिश्राजींच्या पोटऱ्यांत असे गोळे आले, की ते खाटेवर उठून बसले. "साहब, आज जान भी निकाल लोगे क्या?" डॉक्टर धावत आले, सलाइन सोडलं, मिश्राजी शांत झाले. मग डॉक्टरांनी कोपऱ्यात टेकवलेली छत्री पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. "साळवे, छत्रीला डायलिसिस लागत नाही." त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं नवीन माणूस कामावर आला, की त्याला पहिल्या दिवशी माझी छत्री शिकवली जाई.

मासळीबाजारात बसणारी एक मावशी होती. तिचं वजन दर वेळी भलतंच वाढलेलं. मी रागावलो की ती गळ्याची शपथ घेई, पाणी नाय प्याले रे बाबा. नंतर कळलं, मासळीच्या पेटीतला बर्फ दिवसभर चघळायची. मी म्हटलं, मावशी, बर्फ म्हणजे पाणीच. ती म्हणाली, बर्फ म्हणजे बर्फ, पाणी म्हणजे पाणी, तू शिकलेला हाईस का येडा. मी खूप हसलो होतो. वर्षभरात ती गेली. आमच्या कामात हसण्याच्या सगळ्या गोष्टींचं शेवटचं वाक्य हेच असतं. बरा होऊन आमच्या जिन्यावरून उतरला असा माणूस मी पाहिला नाही. आम्ही फक्त सोमवारचं मरण बुधवारवर ढकलत होतो, आणि बुधवारचं शुक्रवारवर.

अशा त्या जिन्यावरून एक दिवस माझा थोरला भाऊ वर आला.

याकोबदादा आणि मी तेव्हा पंधराएक वर्षं बोलत नव्हतो. आमचे वडील नगरकडून इथं कारखान्यात आले, पालघरला घर केलं. दादा झेडपीच्या शाळेत मास्तर झाला आणि मंडळीत पंच. माणूस सरळ, देवभीरू, आणि पट्टीसारखा ताठ. मी मुरब्याच्या जयाशी लग्न केलं, तेही नोंदणी कार्यालयात. जया कोळ्याची, आपल्या देवांवर खूश होती, बाप्तिस्मा घ्यायचा तिचा विचार नव्हता आणि तो तिनं घ्यावा असा माझाही नव्हता. दादानं पंचांच्या बैठकीत स्वतः ठराव मांडून माझं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकरीचा आणि द्राक्षरसाचा वाटा, बंद केलं. मी मुरब्याला जाऊन राहिलो. पालघरात मी पापी आणि मुरब्यात घरजावई, अशा दोन पदव्या मला एकाच वर्षात मिळाल्या.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मग आई आजारी पडली. दादाच्याच घरी होती. शेवटचे दिवस आहेत असं कळल्यावर जया आणि मी गेलो. आईचं आणि जयाचं गुळपीठ होतं. आई चोरून मुरब्याला यायची, जयाच्या हातचे बोंबील खायची आणि जाताना दादाला सांगू नका म्हणायची. दादानं दार उघडलं, पण उंबऱ्यावरून हलला नाही. मला म्हणाला, तू ये. जयाला म्हणाला, आत प्रार्थना चालू आहे, ही बाहेर थांबेल. मी किल्ली टेबलावर ठेवून आईला उभ्याउभ्या पाहिलं, ती झोपेत होती. लगेच बाहेर येऊन जयापाशी थांबलो. ती पायरीवर उभी राहिली. दुपार गेली, संध्याकाळ झाली. आतून प्रार्थना संपल्याचं कुणी सांगायला आलं नाही. शेवटी मी दारात उभा राहून गल्लीला ऐकू जाईल अशी शपथ घेतली, की या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. मोठ्या तोऱ्यात फाटकाबाहेर आलो आणि लक्षात आलं, की स्कूटरची किल्ली आतल्या टेबलावर राहिली. शपथ ताजी होती, मोडता येईना. स्कूटर तिथंच सोडून आम्ही एसटीनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी आई गेली. मातीला मी एकटा गेलो आणि स्मशानभूमीच्या कडेला उभा राहिलो. जया आली नाही. मीच आणली नाही म्हणा.

असा हा दादा वजनकाट्यावर उभा राहिला. मधुमेहानं मूत्रपिंडं गेली होती. वहिनी आधीच वारल्या होत्या, मुलगी सासरी बंगलोरला. पहिल्या दिवशी त्यानं डॉक्टरांना एकांतात विचारलं, की वेगळी पाळी मिळेल का. त्याच दिवशी मीही त्यांना एकांतात तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही दोघं नक्की भाऊच दिसता, पण पाळी शिल्लक नाही.

ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला सुई कशी टोचायची याचं प्रशिक्षण आम्हाला कुणी दिलेलं नव्हतं. डायलिसिसच्या पेशंटच्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या शस्त्रक्रिया करून जोडलेल्या असतात. त्या जागी बोट ठेवलं की आत भुंगा अडकल्यासारखं घरघरतं. त्या घरघरीवर बोट ठेवून सुई कुठं घालायची ते ठरवावं लागतं. माझा हात केंद्रात सगळ्यांत हलका समजला जाई. कारखान्यातले दांडगे लोक म्हणत, साळवेच पाहिजे. त्या दिवशी दादाच्या दंडावर बोट ठेवलं आणि माझा हात एकदा चुकला, दोनदा चुकला. दंड सुजून निळा झाला. दादा छताकडे बघत होता.

शेजारच्या खाटेवर गोविंद होता. मासवणच्या पुढच्या पाड्यावरचा, पावसाच्या भातावर जगणारा शेतकरी. दुसऱ्याच्या भानगडीत त्याला फार रस, आम्ही भाऊ हे त्यानं आधीच हुडकलं होतं. तो मला म्हणाला, "डाक्टर, तुमचा भाव सांगतं, मुद्दाम टोचतंय का?"

दादा काहीच बोलला नव्हता. मी गोविंदला म्हटलं, त्यांना सांग, मुद्दाम टोचलं असतं तर पहिल्यांदाच बसली असती.

अशी आमची टपाल सेवा सुरू झाली. त्यांना सांग हात हलवू नका. यांना सांग, थंडी वाजते. त्यांना विचार, काल पाणी किती प्यालात. गोविंद दोघांमध्ये पडून निरोप इकडून तिकडे करी आणि प्रत्येक निरोपात स्वतःची भर घाली. दादा म्हणाला, ब्लँकेट पाहिजे, तर गोविंद म्हणे, "भाव बोलतं, लहानपणी याला मी पांघरूण घालायचो, आता यानं घालावं." दादा उशीवरून तोंड फिरवी. मी ब्लँकेट घाली. मला खात्री आहे, की गोविंदनं सांगितलेल्यातलं अर्धं त्यानं स्वतः रचलेलं होतं आणि अर्धं दादाच्या मनातलं होतं, आणि कुठलं कुठलं ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

सगळ्यांत अवघड होता अंगठा. पहिल्या दिवशी मी दादासमोर गुडघे टेकले तेव्हा त्यानं पाय खाटेखाली ओढून घेतला. तो कायम मोजे घालून यायचा. पंचानं अनवाणी दिसू नये असं काही त्याच्या डोक्यात असावं. मी मोजा काढायला गेलो की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू मी त्याचा खिसा कापतोय. गोविंद म्हणाला, "पाय दे ना रे, धाकटा भाव हाय, धरील नायतर काय करील." मी मोजा उतरवला, अंगठा दाबला, खड्डा पडला. दादानं डोळे मिटून घेतले. खरं सांगायचं तर मला त्या वेळी बरं वाटलं. भावाच्या पायाशी बसलो होतो आणि मनात जिंकत होतो. नम्रतेची बाहेरची बाजू माझ्या अंगवळणी पडलेली होती. आतली बाजू लोकांना कुठून मिळते ते ठाऊक नव्हतं.

मग गोविंद यायचा थांबला. पिकं निघाली की त्याचा मुलगा बायकोसकट कामाला दूर जाई, आणि म्हाताऱ्याला पाड्यावरून जीपपर्यंत आणायला कुणी उरत नसे. एक वार चुकला, दुसरा चुकला. आम्ही फोन लावत होतो, लागत नव्हता. तिसऱ्या वारी शेजाऱ्याच्या मोबाइलवर लागला आणि मी ऐकून ठेवून दिला. खाट रिकामी होती, मशीन बंद होतं.

दादा सुया लावून झाल्यावर त्या खाटेकडे बराच वेळ पाहत राहिला. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "गोविंद आला नाही?"

पंधरा वर्षांनी आम्ही एकमेकांशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी म्हटलं, "गेला दादा. परवाच."

निरोप सांगायला आता मध्ये कुणी नव्हतं. दादाचा डावा हात मशीनला बांधलेला होता. त्यानं उजवा हात पुढं केला आणि म्हणाला, "शमू, प्रार्थना कर."

मी गेली कित्येक वर्षं मोठ्यानं प्रार्थना केलेली नव्हती. डोकं रिकामं. तोंड उघडलं आणि आईनं शिकवलेले शब्द आपोआप बाहेर पडू लागले, मीही डोळे मिटून म्हणत गेलो. ताटातल्या अन्नाबद्दल आभार मानण्यापर्यंत पोचलो तेव्हा कळलं, की मी गोविंदच्या रिकाम्या खाटेपुढं जेवणाची प्रार्थना म्हणतोय. मध्येच थांबता येईना. म्हणून शेवटपर्यंत गेलो, ज्यांना आज अन्न नाही त्यांनाही दे, इथपर्यंत. दादा हसला नाही. म्हणाला, "आमेन. त्याला पोटभर मिळालं नव्हतंच कधी."

त्यानंतर आम्ही बोलू लागलो, पण फार नाही. हवापाणी, मशीन, बंगलोरची मुलगी. जयाचं नाव दोघंही घेत नव्हतो.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला. आमच्यात त्या दिवशी तीन तासांची उपासना असते आणि प्रभूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठी बापाकडे मागितलेली क्षमा. हा उद्गार कितीतरी वर्षं दादाचा होता. तो चांगला बोलायचा. मीही मागच्या बाकावर बसून ऐकायचो आणि दात खायचो. यंदाही पाळकांनी तोच त्याला दिला होता. डायलिसिस चालू असताना तो मला म्हणाला, की मी नाही म्हणून कळवलंय. मी म्हटलं, तीन तास बसवणार नाही म्हणून? तो म्हणाला, बसायचं काही नाही रे.

मग थांबून थांबून म्हणाला, "शमू, इतकी वर्षं मी त्या वचनात क्षमा करणाऱ्याच्या शेजारी उभा राहून बोललो. खाली जे हातोडा घेऊन उभे होते, त्यांच्यात मी कधी उभाच राहिलो नाही. परवा तू मोजा काढत होतास तेव्हा कळलं, की मला तिथं उभं राहायला हवं होतं. मला जयाकडे यायचंय. तिला विचार."

मी विचारलं. जया ओट्यावर मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला तुमच्या देवाकडं जायच्या आदी माजी सही पायजे का?"

मी म्हटलं, आजारी माणूस आहे. ती म्हणाली, "आई पन आजारीच होती." तिचं चुकीचं काय होतं?

दादाला सांगितलं, ती नाही म्हणते. तो म्हणाला, बरोबर आहे. मला वाटलं, संपलं. पण पवित्र आठवड्यातल्या बुधवारी मी ड्यूटीवरून मुरब्याला परत आलो, तर आमच्या दारासमोर दोनचार शेजारणी उगाच उभ्या, कुणी जाळं विणत होतं, कुणी नुसतीच बघत. आणि पायरीखाली, भर उन्हात, याकोबदादा उभा. रिक्षानं आला होता. सकाळपासून उभा होता. शेजारणींनी खुर्ची दिली होती, तो बसला नव्हता. मोजे घातलेले नव्हते आणि पाय इतके सुजले होते, की चपलेचे पट्टे आत रुतलेले. दार लोटलेलं होतं आणि आतून जयाचा भांडी आदळण्याचा आवाज येत होता. मी धावत जाऊन त्याला धरलं, म्हटलं, दादा, आत चल. तो म्हणाला, "मला आत यायचं नाही. तिनं बोलावल्याशिवाय नाही. मी इथूनच बोलतो."

आणि तो लोटलेल्या दाराशी बोलला. फळ्याला शिकवल्यासारखा, हळू आणि स्वच्छ.

"जया, त्या दिवशी आई झोपेतच राहिली नाही. शमू बाहेर गेल्यावर जागी झाली. तिनं मला विचारलं, जया आली का. मी म्हणालो, नाही आली. मला वाटलं, एवढं सांगितलं की ती शांतपणे प्रार्थना करील. ती परत परत विचारत राहिली. मी प्रत्येक वेळी नाही म्हणालो. तू पायरीवर होतीस."

भांडी थांबली. शेजारीण जाळं खाली ठेवून आपल्या घरात गेली. मला हे माहीत नव्हतं. पंधरा वर्षं मी जे भांडण उशाशी घेऊन झोपलो ते इतकं मोठं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्याचा धरलेला दंड सोडला. सुईचा तोच दंड, आत घरघर चालू होती.

जयानं दार उघडलं. हात मासळीचे, पदर खोचलेला. तिनं दादाकडे पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, "मंग ती काय समजून गेली?"

दादा म्हणाला, "तू आली नाहीस, असं समजून."

मला अजूनही वाटतं, की माणसानं खोटं बोलायचा हा एक क्षण होता. पण दादा खोटं बोलण्याचं संपवून आला होता. जया खांबाला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "हे सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं." त्याच्या तोंडावर ती अरेतुरे कधीच करत नव्हती. त्या दिवशी केलं.

दादानं वाकून हात जोडले. मास्तराला वाकण्याची सवय नव्हती, तोल गेला, मी सावरलं. जया आत निघून गेली. मी म्हटलं, चल दादा, रिक्षा बघतो. तेवढ्यात ती परत आली. हातात पाण्याचा तांब्या. आमच्या इथं दारी आलेल्याला पाणी द्यायचं नाही असं होत नाही, वैरी असला तरी. रागाच्या भरात तिचे हात आपोआप घागरीकडे गेले असावेत. दादानं लग्नानंतर जयाच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्यानं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायला लागला.

त्याला दिवसभरात दोन पेले पाणी चालत होतं. उद्या मशीनवर यायचं होतं, म्हणजे अंगात कालपासूनचं साचलेलं होतंच. मी त्याचा तंत्रज्ञ. माझं काम होतं तांब्या हिसकावून घेणं. मी उभा राहिलो आणि बघत राहिलो. तो थांबत नव्हता, गळ्यावरून पाणी ओघळत होतं, घोट घेताघेता धाप लागली होती, तरी तांब्या तोंडाचा काढत नव्हता. मला कळत होतं, की दिलेल्यातलं काही उरवायचं नाही असं त्यानं ठरवलंय.

शेवटी जयानंच तो त्याच्या हातून ओढून घेतला. "पुरे," ती म्हणाली. "मरायचं असंल तर माज्या दारात मरू नको."

तिच्या बोलण्यात त्या दिवशी याच्याइतकं मऊ दुसरं काही नव्हतं. दादानंही ते तसंच घेतलं. तो रिक्षात बसला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि अंगठा दाबला, तर बोटाचं पेर आत गेलं. या वेळी मी मनात जिंकत नव्हतो. किती वेळ अंगठा काढलाच नाही. दादा म्हणाला, "शमू, दुखतंय रे." मग मी उठलो आणि तांब्याभर जास्तीचं काढायला मशीनला सांगितलं. त्या दिवशी त्याला श्वास लागला, डॉक्टर माझ्यावर ओरडले, पेशंटला समजावता येत नाही का म्हणून. दादा म्हणाला, माझी चूक आहे, यांची नाही.

शुक्रवारी पहिल्या उद्गारावर एक तरुण शिक्षिका बोलली, जरा अडखळत. दादा माझ्या शेजारी, मागच्या बाकावर बसला होता. नंतर त्यानं पंचांना सांगून स्वतःचाच जुना ठराव मागे घेतला आणि पुनरुत्थानाच्या रविवारी मला प्रभुभोजनाला बोलावलं गेलं. इतक्या वर्षांनी मी अशा घाईनं उठलो, की बाकाला गुडघा आपटला आणि प्याला हातात घेताना शर्टावर सांडला. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. गुडघा दुखत होता. पण त्या घोटाबरोबर काहीतरी खाली उतरलं हेही खोटं नाही. शांती म्हणतात ती इतकी लहान असते, हे मला साक्षींमधून कुणी सांगितलं नव्हतं. तिनं घर भरलं नाही. भावाच्या शेजारी बसण्यापुरती जागा झाली.

जया त्यानंतर माझ्याशी दादाबद्दल एकच बोलायची. डायलिसिसच्या दिवशी घरी आलो की विचारायची, "किती काढलं?" मी आकडा सांगायचा. ती हूं म्हणायची. दादा विचारायचा, जया काही म्हणाली का. मी सांगायचो, किती काढलं ते विचारत होती. तो एवढ्यावर दोन दिवस काढायचा. निरोप्याचं काम आता माझ्याकडे आलं होतं, पण गोविंदसारखी भर घालण्याची कला मला नव्हती.

पाऊस संपता संपता दादा गेला. मशीनवर नाही, घरी, झोपेत. मुलगी बंगलोरहून आली. जयाला मी काही विचारलं नाही, पण निघताना पाहिलं तर ती पांढरी साडी नेसून माझ्याआधी पायरी उतरलेली होती. स्मशानभूमीत पाळकांनी संदेश दिला. म्हणाले, आपले बंधू याकोब सर्वांशी समेट करून, कुणाशीही काही बाकी न ठेवता प्रभूकडे गेले. लोकांनी माना डोलावल्या. जया माझ्या शेजारी पुटपुटली, "त्याचं मिटलं असंल. माजं चालू हाय अजून."

तरी माती टाकायची वेळ आली तेव्हा तिनं मूठ भरली. मुठीतली माती सोडायला तिला वेळ लागला.

लोक पांगले. मला पाळकांशी दोन शब्द बोलायचे होते, ते बोलून वळलो तर जया जागेवर नव्हती. मग ती दिसली. आमच्या आईची कबर त्याच ओळीत, थोडी पुढं आहे. ती कुठली हे जयाला कुणी दाखवलेलं नव्हतं. एकेका फरशीवरचं नाव बोटानं वाचत वाचत ती तिथवर गेली होती आणि कबरेजवळ मांडी घालून बसली होती, घरात सासूजवळ बसावं तशी. मी जवळ जायला निघालो आणि तिचा आवाज ऐकून थांबलो.

"आई, मी आलेली त्या दिवशी," ती म्हणत होती. "पायरीवं होते. उभी होते संध्याकाळवर."

एवढंच बोलून ती उत्तराची वाट बघत असल्यासारखी कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.